मरणोत्तर दानाची व्यवस्था : देशोदेशींचा अनुभव



दान हा शब्द आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. अन्नदान, गोदान, विद्यादान हे शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. विनोबाजींनी त्यात भूदानाची भर घातली आणि गावोगावच्या लोकांनी रस्ते नि विहिरी खणताना श्रमदानाची. या सगळ्या दानांत एक गोष्ट सारखी आहे. देणारा माणूस समोर उभा असतो, शुद्धीत असतो आणि आपल्या हाताने देतो.

आज ज्या दानाविषयी बोलायचे आहे, त्यात देणारा हयातच नसतो. त्याचे मूत्रपिंड, यकृत, हृदय, डोळे दुसऱ्याच्या शरीरात जाऊन काम करू लागतात. पण ‘द्या’ असे म्हणण्याची पाळी येते त्याच्या बायकोवर, बापावर, भावावर. आणि तीही केव्हा, तर घरावर आकाश कोसळलेले असते तेव्हा. विचार करायला हाताशी असतात थोडे तास. दधीची ऋषींनी आपली हाडे दिली ही कथा या संदर्भात नेहमी सांगतात, आणि ती चांगलीच आहे. पण दधीचींना देवांनी स्वतः विचारले होते. इथे विचारायचे दुसऱ्यालाच. म्हणून हे दान नुसत्या एका माणसाच्या मोठेपणावर चालत नाही. विचारणारा कोण, कधी विचारणार, अवयव कुणाला मिळणार, आणि मेला असे कुणी ठरवले, या चार प्रश्नांची उत्तरे अगोदरच तयार असावी लागतात. ही उत्तरे देण्याची जी पद्धत, तिलाच आपण व्यवस्था म्हणू. मी इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. तेव्हा शस्त्रक्रियेपेक्षा या व्यवस्थेचीच हकीकत मी सांगणार आहे.

आरंभ डोळ्यापासून

या इतिहासाचा आरंभ डोळ्यापासून झाला, हे एका अर्थी बरेच झाले. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातल्या ओलोमोउत्स या गावी एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरांनी चुन्याने डोळे गेलेल्या एका मजुराच्या डोळ्यावर दुसऱ्याचे पारदर्शक पटल बसवले. ते पटल एका मुलाच्या निकामी झालेल्या, काढावाच लागलेल्या डोळ्यातले होते. मजुराला दिसू लागले. पण असे डोळे मिळणार किती? १९३० नंतरच्या काळात ओडेसा शहरातल्या फिलाटोव्ह यांनी दाखवून दिले, की मृत माणसाच्या डोळ्यातले पटलही चालते. प्रश्नाचे स्वरूप त्याच दिवशी बदलले. आता अडचण शस्त्राची राहिली नाही, मागण्याची राहिली.

मागावे कसे, हे आपल्या शेजारच्या श्रीलंकेने दाखवले. हडसन सिल्व्हा नावाच्या एका तरुण डॉक्टरने १९५८ साली वर्तमानपत्रातून लोकांना नेत्रदानाचे आवाहन केले. त्यांची आई वारली तेव्हा तिचे डोळे त्यांनी एका गरीब शेतकऱ्याला दिले. १९६१ साली त्यांनी नेत्रदान संस्था काढली. त्या देशात बौद्ध लोक बहुसंख्य. शिबी राजाने आपले डोळे दान केले ही जातककथा तिथे घराघरात माहीत आहे. आपल्या महाभारतातला शिबी कबुतरासाठी मांस देतो. त्यांचा शिबी डोळे देतो, एवढाच फरक. सिल्व्हांनी त्या कथेशी धागा जोडला, भिक्षूंना बरोबर घेतले. १९६४ साली बर्फात ठेवलेले डोळे सिंगापूरला गेले आणि पुढे पन्नासाहून अधिक देशांना या लहानशा बेटाने दृष्टी पुरवली. श्रीमंत देश नव्हे हो तो. पण मागणारा माणूस ओळखीचा होता, आणि लोकांच्या मनात अगोदरच असलेल्या गोष्टीला त्याने हात घातला होता.

हृदय चालू, माणूस गेलेला

डोळ्याचे एक बरे असते. श्वास थांबला, हृदय थांबले, सगळ्यांनी पाहिले, त्यानंतर सहा तासांच्या आत डोळे काढले तरी चालतात. मृत्यूबद्दल वाद नाही. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे तसे नाही. रक्त थांबले की हे अवयव लवकर बिघडू लागतात. १९३३ साली खेरसोन शहरात व्होरोनॉय या शल्यवैद्यांनी मृताचे मूत्रपिंड एका स्त्रीला बसवून पाहिले. ती दोन दिवसांत दगावली. पुढे २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन येथे जोसेफ मरे यांनी एका भावाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाला बसवले आणि ते उत्तम चालले. पण एकसारखे जुळे भाऊ किती जणांना असतात? परक्याचा अवयव शरीर झिडकारते. तो झिडकार दाबणारी औषधे निघाली, तेव्हा १९६२ साली मरे यांनाच मृत माणसाच्या मूत्रपिंडाचे आरोपण यशस्वी करता आले. १९९० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास एका निराळ्याच वाटेने मृत्यूच्या व्याख्येला धक्का बसत होता. १९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून मुले गुदमरू लागली. ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरांनी गळ्यात नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत श्वास चालू ठेवण्याची युक्ती काढली. वैद्यकीय शाळेतले शेकडो विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस त्या पिशव्या दाबत बसले. पुष्कळ मुले वाचली. त्या पिशवीची जागा पुढे यंत्राने घेतली आणि आज आपण ज्याला अतिदक्षता विभाग म्हणतो त्याचा पाया घातला गेला.

पण बघा, एका चांगल्या गोष्टीतून अवघड प्रश्न कसा उभा राहतो. डोक्याला जबर मार लागलेल्या काही रोग्यांचा श्वास यंत्राने चालू राही, हृदय धडधडे, अंग ऊन लागे. आणि मेंदू मात्र पूर्ण निकामी झालेला असे. १९५९ साली पॅरिसच्या मोलारे आणि गुलों या दोन डॉक्टरांनी अशा अवस्थेचे वर्णन केले आणि ही बेशुद्धीच्याही पलीकडची अवस्था आहे, असे म्हटले.

इथे जरा थांबून एक फरक समजून घ्यावा लागेल, कारण लोकांच्या मनातले निम्मे भय इथेच आहे. बेशुद्ध माणूस म्हणजे मेंदूमृत माणूस नव्हे. बेशुद्धीत मेंदू झोपल्यासारखा असतो, पण जिवंत असतो. असे रोगी पुष्कळदा स्वतःचा श्वास स्वतः घेतात आणि काही जण उठून घरीही जातात. मेंदूच्या बुडाशी जो देठासारखा भाग आहे, त्यावर श्वासाची सूत्रे असतात. तो भाग मेला की श्वास पुन्हा येत नाही. हृदयाला ठोक्याची स्वतःची चालना असते, म्हणून यंत्राने प्राणवायू मिळेल तोवर ते चालते. पण ती चाल थोड्या काळाची. धनी गेलेल्या घरात घड्याळ टिकटिकत राहावे, तसे ते.

पहिले हृदय आणि पहिली शंका

१९६३ साली बेल्जियममधल्या लूव्हेन येथे गी अलेक्झांडर यांनी हृदय चालू असलेल्या, पण मेंदू मेलेल्या रोग्याचे मूत्रपिंड काढून बसवले. त्यांच्या व्यवसायातल्या पुष्कळांना ते रुचले नाही. मग ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचे हृदय माणसाला बसवले. रोगी अठरा दिवस जगला. साऱ्या जगात गाजावाजा झाला आणि ठिकठिकाणच्या शल्यवैद्यांनी तीच शस्त्रक्रिया करून पाहिली. त्यांत आपली मुंबईही होती. फेब्रुवारी १९६८ मध्ये के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयाचे आरोपण केले. जगातल्या अगदी पहिल्या काही प्रयत्नांत त्याची गणना होते. रोगी काही तासांनीच दगावला. पण हात आणि विद्या आपल्याकडे तेव्हाही होती, हे त्यातून दिसले. नव्हती ती व्यवस्था. आणि ती तेव्हा कुठेच नव्हती.

ऑगस्ट १९६८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूच्या मृत्यूची लक्षणे लेखी मांडली. १९७१ साली फिनलंडने ती कल्पना कायद्यात आणली. असे करणारा तो पहिला देश. हळूहळू बहुतेक देश त्या वाटेने गेले.

त्याच ऑगस्ट महिन्यात जपानमध्ये जे घडले ते मात्र सावकाश ऐकण्यासारखे आहे. साप्पोरो येथे जुरो वादा या शल्यवैद्यांनी बुडून गेलेल्या एका विद्यार्थ्याचे हृदय अठरा वर्षांच्या एका मुलाला बसवले. मुलगा ८३ दिवस जगला. आरंभी वाहवा झाली. मग प्रश्न निघाले. तो विद्यार्थी खरोखर मेला होता का? हे कुणी ठरवले, कसोट्या कोणत्या लावल्या? त्या मुलाला तरी नव्या हृदयाची गरज होती का? आरोपणही त्यांचेच आणि मृत्यूचा निर्णयही त्यांच्याच हाती, असा आक्षेप आला. खुनाची फिर्याद झाली. पुरावा पुरेसा नाही म्हणून खटला उभा राहिला नाही. पण लोकांच्या मनात उभा राहिलेला खटला मिटला नाही.

परिणाम काय झाला? जपानसारख्या प्रगत देशात मेंदूमृत्यूचा कायदा व्हायला १९९७ साल उजाडले. १९६८ नंतरचे पहिले हृदय आरोपण झाले ते फेब्रुवारी १९९९ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. कायदाही इतका कडक, की मृताने स्वतः आधी लिहून ठेवलेले हवे आणि शिवाय घरच्यांची संमती हवी. पंधरा वर्षांखालील मुलांचे दान निषिद्ध. तेरा वर्षांत असे शंभरही दाते झाले नाहीत. आजारी मुलांना घेऊन आईबाप वर्गणी गोळा करत परदेशी जात. २०१० पासून कायदा सैल केला, घरच्यांची संमती पुरेशी ठरली. तरी जपान अजून मागेच आहे. एका शस्त्रक्रियेतल्या शंकेची किंमत दोन पिढ्यांच्या रोग्यांनी दिली.

कायदा केला म्हणजे झाले का?

यावर कुणी म्हणेल, मग सरकारने कायदाच करावा. मेलेल्याचे अवयव सरकारजमा. ज्याला नको असेल त्याने तसे कळवावे. या पद्धतीला गृहीत संमती म्हणतात. युरोपातल्या कित्येक देशांत ती पुस्तकात आहे. सिंगापूरने १९८७ साली ती मूत्रपिंडापुरती आणली. वेल्समध्ये ती डिसेंबर २०१५ पासून आणि इंग्लंडमध्ये मे २०२० पासून आहे.

पण ब्राझीलचा अनुभव ऐका. १९९७ साली तिथे गृहीत संमतीचा कायदा झाला आणि १९९८ च्या आरंभी तो अमलात आला. ज्याला नको, त्याने ओळखपत्रावर ‘दाता नाही’ असे लिहून घ्यायचे. लोकांनी काय करावे? ओळखपत्राच्या कचेऱ्यांपुढे रांगा लावल्या, नकार लिहून घ्यायला! गरिबांना वाटले, आपल्याला पुरते मरूही देणार नाहीत. डॉक्टरही नातेवाइकांना न विचारता हात लावायला धजेनात. त्याच वर्षी सरकारने माघार घेतली आणि घरच्यांची संमती परत आणली. पुढे ब्राझीलने मध्यवर्ती यादी, ठिकठिकाणची कार्यालये आणि सरकारी खर्चाने शस्त्रक्रिया असा सावकाशीचा मार्ग धरला, तेव्हा गाडी रुळावर आली. न विचारता घेतलेल्याला दान म्हणत नाहीत, हे तिथल्या साध्या माणसाने कायदेपंडितांना शिकवले.

स्पेनने काय केले

आता या विषयात ज्याचे नाव सर्वांत पुढे घेतात त्या स्पेनकडे वळू. स्पेनमध्ये १९७९ सालीच गृहीत संमतीचा कायदा झाला होता. तरी दहा वर्षांनी, १९८९ साली, दर दहा लाख वस्तीमागे वर्षाला सुमारे चौदा दाते होते. म्हणजे कायदा दहा वर्षे होता आणि काम चालत नव्हते. त्या वर्षी सरकारने राष्ट्रीय आरोपण संघटना स्थापन केली आणि राफाएल मातेसान्स या मूत्रपिंडतज्ज्ञांना तिचे प्रमुख नेमले. मातेसान्स यांनी कायद्याला हात लावला नाही. त्यांनी माणसे नेमली.

प्रत्येक मोठ्या रुग्णालयात एक समन्वयक. हा बहुधा अतिदक्षता विभागातलाच अनुभवी डॉक्टर. आपले नेहमीचे काम सांभाळून हे करणारा. कोणता रोगी मेंदूमृत्यूकडे चालला आहे हे वेळेवर ओळखणे, कसोट्या नीट होतात की नाही पाहणे आणि घरच्यांशी बोलणे, ही त्याची जबाबदारी. त्याच्या वर प्रांताचा समन्वयक आणि त्याच्या वर देशाची संघटना, असे तीन थर. अतिदक्षता विभागात झालेल्या मृत्यूंची मागाहून तपासणी होते : दान शक्य होते का, विचारले का, नसेल तर का नाही? रुग्णालयाला या कामाचा खर्च मिळतो. वर्तमानपत्रांच्या बातमीदारांना केव्हाही विचारता यावे म्हणून चोवीस तास चालणारा दूरध्वनी ठेवला, म्हणजे वावड्या उठण्याआधी खरी माहिती पोचते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुःखात असलेल्या माणसांशी बोलावे कसे, याचे रीतसर शिक्षण. आधी मृत्यूची बातमी सांगायची. ती मनात उतरू द्यायची. रडू द्यायचे. अवयवांचा शब्द त्याच दमात काढायचा नाही. कायद्याने विचारण्याची गरज नसताना स्पेनमध्ये घरच्यांना दर वेळी विचारतात आणि ते नाही म्हणाले तर तिथेच थांबतात. नकार देणारी कुटुंबे थोडीच आहेत. उरलेली सगळी हो म्हणतात.

फळ पाहा. दहा वर्षांत चौदाचे तीसाच्या वर गेले. २०२४ साली दर दहा लाखांमागे ५२ हून अधिक दाते झाले. आपल्या हिंगोली किंवा गडचिरोली जिल्ह्याची वस्ती दहा लाखांच्या थोडी वर आहे. तेवढ्या वस्तीत वर्षाला बावन्न दाते, असे समजा. आणि हे कधी? तर त्या देशातले रस्त्यावरचे अपघाती मृत्यू पुष्कळ घटलेले असताना. तरुण अपघाती दाते कमी झाले तेव्हा त्यांनी साठीच्या पुढच्या, पक्षाघाताने गेलेल्या माणसांच्या घरी विचारायला आरंभ केला. शिवाय ज्यांचे हृदय थांबले आहे, अशांचेही अवयव ठरावीक काळजी घेऊन घेण्याची पद्धत बसवली. इटली, पोर्तुगाल, क्रोएशिया यांनी पुढे हाच कित्ता गिरवला.

वाटप न्यायाचे हवे

दान मिळवणे हे अर्धे काम. ते वाटायचे कसे, हे दुसरे अर्धे. १९६७ साली हॉलंडमधल्या लायडन येथे व्हान रूड यांनी युरोट्रान्सप्लांट नावाची संस्था काढली. कल्पना अशी, की अनेक देशांतल्या रोग्यांची यादी एकत्र ठेवली, तर मिळालेल्या मूत्रपिंडाशी जुळणारा रोगी सापडण्याची शक्यता वाढते. अमेरिकेने १९८४ साली कायदा करून अवयवांची खरेदी-विक्री बंद केली आणि सबंध देशाची एक यादी केली. रक्तगट, जुळणी, आजाराची तीव्रता, किती दिवस वाट पाहिली, यावरून क्रम लागतो. पैशावरून नाही, निदान लागू नये.

हा क्रम पवित्र मानावा लागतो. २०१२ साली जर्मनीत उघडकीला आले, की काही रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी आपल्या रोग्यांचे कागद खोटे करून त्यांना यादीत वर चढवले होते. एकाही दात्याच्या मृत्यूबद्दल शंका नव्हती. तरीही देशभर दानाचे प्रमाण खाली आले. साप्पोरोला देणाऱ्याबद्दल शंका आली, जर्मनीत घेणाऱ्याबद्दल, नुकसान सारखेच.

आपल्याकडे

आपल्या देशात गोष्ट उलट्या बाजूने सुरू झाली. १९८० नंतर मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रिया वाढल्या आणि त्याबरोबर एक काळा बाजारही. कर्जाने पिचलेल्या गरिबाने मूत्रपिंड विकायचे आणि पैसेवाल्याने विकत घ्यायचे, मध्ये दलालांनी हात ओले करायचे. याला आळा घालण्यासाठी १९९४ साली संसदेने मानवी अवयव आरोपण कायदा केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्यामुळे आधी राज्यांनी ठराव करून संसदेला विनंती करावी लागते. असे ठराव करणारी पहिली तीन राज्ये कोणती? गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो या राज्यांत लागू झाला. विक्री हा गुन्हा ठरला आणि मेंदूमृत्यू हा मृत्यू म्हणून मान्य झाला. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीत डॉ. वेणुगोपाळ यांनी देशातले पहिले यशस्वी हृदय आरोपण केले. २०२३ पासून तो दिवस भारतीय अवयवदान दिन म्हणून पाळतात.

पण स्पेनप्रमाणेच आपल्याकडेही कायदा पुढे आणि काम मागे, असे बरीच वर्षे चालले. तमिळनाडू राज्याने २००८ साली हालचाल केली. एकापाठोपाठ एक सरकारी आदेश काढून मेंदूमृत्यूची नोंद, यादी, वाटप, शवविच्छेदन या सगळ्याची रीत बसवली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका डॉक्टर दांपत्याचा शाळकरी मुलगा अपघातात मेंदूमृत झाला. आईबापांनी त्याचे अवयव दिले आणि पोलिसांनी चेन्नईचे रस्ते मोकळे करून हृदय काही मिनिटांत पोचवले. सबंध राज्यात ती गोष्ट पोचली. दुःखाच्या अशा गोष्टी इतरत्रही घडल्या असतील. पण इथे ऐकणाऱ्याला पुढचे पाऊल टाकायला पायऱ्या तयार होत्या. २०२३ साली तिथल्या सरकारने अवयवदात्याला शासकीय इतमामाने निरोप देण्याचे जाहीर केले.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय समन्वय केंद्रे आहेत. २०११ च्या दुरुस्तीने समन्वयक आवश्यक केले आणि आरोपण होत नसले तरी दान स्वीकारता येईल अशा रुग्णालयांची सोय केली. तरी देशाचा हिशेब अजून तोकडा आहे. २०१३ साली देशात सर्व मिळून ४,९९० आरोपणे झाली; २०२३ साली १८,३७८. वाढ मोठी खरी. पण यातले बहुसंख्य अवयव जिवंत नातलगांनी दिलेले. मृत दाते २०२३ मध्ये अवघे १,०९९. म्हणजे दर दहा लाखांमागे एकसुद्धा नाही. जिवंत दात्यांत बायका, आया, बहिणी जास्त असतात, हेही ध्यानात ठेवा. मृत्यूनंतर जे मातीत किंवा अग्नीत जाते त्याच्या अभावी एखादी आई आपले धडधाकट मूत्रपिंड काढून देते.

गावात विचारले जाणारे प्रश्न

आता थोडे आपल्या शंकांविषयी. अवयव हवे म्हणून डॉक्टर उपचारात हयगय करतील का? कायद्याने मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टर लागतात, कसोट्या निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात, आणि त्यांतला कोणीही आरोपण करणाऱ्या तुकडीतला असू नये असा दंडक आहे. साप्पोरोला आली तशी शंका येऊ नये, म्हणून हा नियम. देह विद्रूप होईल का? नाही, इतर शस्त्रक्रियेसारखी टाके घालून देह परत देतात, अंत्यविधी रीतीप्रमाणे होतात. अपघाताची केस असेल आणि शवविच्छेदनात दिवस जाईल का? २०२१ पासून अवयवदानासाठी सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला परवानगी आहे. खर्च कुणाचा? दानाला होकार दिल्यानंतर देह सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर टाकता येत नाही.

एक शंका मात्र मी उडवून लावणार नाही. गरिबाच्या घरचे अवयव जायचे आणि लाखो रुपयांची शस्त्रक्रिया परवडणाऱ्याला मिळायचे, असे होत नाही का? हा प्रश्न रास्त आहे. ब्राझीलने आणि स्पेनने तो सरकारी खर्चाच्या शस्त्रक्रियेने पुष्कळसा सोडवला. आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत आरोपणे वाढल्याशिवाय आणि पुढची औषधे गरिबाला परवडल्याशिवाय तो सुटणार नाही. ज्या घराकडून आपण मागतो, त्या घरालाही वेळ आल्यास मिळेल, एवढी खात्री त्याला दिलीच पाहिजे. ही मागणी लोकांनी लावून धरावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शरीरशास्त्राच्या धड्यात मेंदू येतो, मूत्रपिंड येते. तिथेच बेशुद्धी आणि मेंदूमृत्यू यांतला फरक दोन वाक्यांत सांगावा. मूल घरी जाऊन तो बोलून दाखवील. कारण इतर कुठल्याही नोंदणीपेक्षा घरातले हे बोलणे जास्त कामाला येते. प्रतिज्ञापत्र भरता येते आणि जरूर भरावे. पण ते भरून पेटीत ठेवले आणि घरी कुणाला ठाऊकच नाही, तर त्या रात्री रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या मुलाला काय कळणार? ‘बाबांची इच्छा होती’ हे तीन शब्द त्याला माहीत असले, की त्याच्यावरचे ओझे निम्मे हलके होते. निर्णय त्याने घ्यायचा नसतो. वडिलांनी घेतलेला फक्त पाळायचा असतो.

ओलोमोउत्सच्या त्या मजुरापासून आजवर सव्वाशे वर्षे होत आली. या काळात शस्त्र, औषध, यंत्र सगळे सुधारले आणि ते एका देशातून दुसऱ्या देशात सहज नेता आले. विश्वास तेवढा आयात करता आला नाही. तो ज्या त्या देशाला आपापल्या गावात, आपापल्या भाषेत, खरे बोलून आणि न्यायाने वाटून कमवावा लागला. जिथे तो कमावला, तिथे लोकांनी दिले. आपल्या लोकांची देण्याची वृत्ती कुणापेक्षा कमी आहे असे मला इतिहास वाचून वाटत नाही. त्यांना कुणीतरी वेळेवर, नीट, माणुसकीने विचारायला हवे.